बादल्यांचं रजिस्टर

जिंतूरच्या जिनिंगमध्ये मी मुनीम होतो. विम्याचा इंग्रजी करार वाचता येणारा तिथं मी एकटाच, आणि त्याचा मला तोराही होता. करारात एक अट होती: कापसाच्या गंजीजवळ पाण्याच्या बारा बादल्या कायम भरलेल्या राहतील आणि त्या रोज पाहून रजिस्टरात सहीनिशी तशी नोंद होईल. मालकांना मी अर्थ सांगितला, "ही अट मोडली तर भरपाई मिळायची नाही."

"तुमी सह्या करायलाव की. मग झालं," मालक म्हणाले.

करत होतो ना! सोमवारी एकदाच, थेट शनिवारपर्यंतच्या. कामावरच्या बायका जेवणाआधी त्याच पाण्यानं हात धुवायच्या. बादल्या कधी भरलेल्या असत, कधी कोरड्या. रोज उठून त्यांत काय डोकावायचं, असं मला वाटायचं.

मंगळवारी दुपारी गंजी पेटली. कापूस निवडणारी एक बाई ओरडत धावली आणि एकेक बादली आगीवर ओतत सुटली. बाराही भरलेल्या होत्या. सकाळी तिनंच त्या भरल्या होत्या. तरी अर्धी गंजी गेली. तिचे दोन्ही हात भाजले.

लोक तिला दवाखान्यात नेत होते आणि मला, सांगायला लाज वाटते, रजिस्टर आठवत होतं. पान फाडावं तर पानांवर छापील नंबर. शाई सांडावी तर विश्वास कोण ठेवणार? त्यात विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीमुळं एसट्या बंद होत्या आणि विम्याचे साहेब परभणीत अडकले होते. मालकांना सांगायचं म्हणून चारदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

गुरुवारी साहेब आले. ती बाईही आली, हातांना पट्ट्या बांधून, कुणी न बोलावता.

"बादल्या भरल्या व्हत्या, साहेब. म्या सोता भरल्या."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. मंगळवारच्या सहीवर बोट ठेवलं आणि ते सावकाश खाली शनिवारपर्यंत आणलं.

"आणि या?"

तिला वाचता येत नव्हतं. मी समजावून सांगेन म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. मालकांनीही पाहिलं. मी भिंतीकडं बघत राहिलो.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "बाई, हे बोलायला तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.