संचालक मंडळातले मास्तर

मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली होती, बायको जाऊन पाच. मुलगी दूरच्या शहरात, तिचा रविवारचा फोन "जेवलात ना वेळेवर?" यापुढे फारसा सरकत नसे. अशा माणसाला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, पंपांच्या कारखान्याच्या मालकाने, कंपनीच्या संचालक मंडळावर घेतलं. कायद्याला मंडळात एक बाहेरचा माणूस हवा होता. बाकीचे म्हणजे मालकाचा भाऊ, मेहुणा आणि व्याही. नात्यातलं आणखी कुणी मोकळं असतं, तर त्यालाही खुर्ची मिळाली असती!

दर तीन महिन्यांनी कंपनीची गाडी न्यायला यायची, परत सोडायचीही. मास्तर तासभर आधीच इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. बैठकीत "या मास्तर, बसा" व्हायचं, तब्येतीची चौकशी व्हायची, ठरावांना हात वर व्हायचे. खरं सांगायचं तर मास्तर त्या "या, बसा"साठीच जायचे. प्रश्न विचारून ते गमवायची त्यांची छाती नव्हती.

पण बैठकीचे कागद बाकीचे उघडतही नसत आणि मास्तरांना वेळच वेळ. ते ओळन् ओळ वाचायचे. या खेपेला ठराव होता, कारखाना चालवणाऱ्या मालकाच्या पुतण्याकडेच पंपांची तपासणीही सोपवायची. बिघडून परत आलेले पंप दोन वर्षांत दुप्पट झाले होते, ते मात्र शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. म्हणजे पोरानं स्वतःचाच पेपर तपासायचा! मास्तरांना दोन दिवस चैन पडलं नाही.

बैठकीत सगळ्यांचे हात वर गेले. मास्तरांचा टेबलावरच राहिला.

"माझा विरोध लिहून घ्या," ते म्हणाले. "बनवणाऱ्यानंच तपासलं तर चूक सापडायची कशी?"

मेहुणा चष्मा पुसू लागला. मालक हसले, पण ओठांपुरतंच. "मास्तर, आम्ही तुम्हाला घरचं मानत होतो."

"म्हणूनच चार वर्षं गप्प बसलो. चुकलंच माझं."

ठराव चार विरुद्ध एक असा मंजूर झाला. सगळे जेवायला शेजारच्या खोलीत गेले; मास्तरांना कुणी चला म्हटलं नाही. थोड्या वेळानं बैठकीची नोंद लिहिणाऱ्या बाई वही घेऊन आल्या.

"मास्तर, साहेब म्हणतायत, विरोध मागे घेतलात तर काही बिघडलं नाही. पुढच्या वेळी नेहमीसारखं बोलावणं येईल. नाहीतर..."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे पुढचे तीन महिने आले, मग त्यापुढचे तीन. त्यांना फार एकटं वाटलं.

"राहू दे तसंच," ते म्हणाले, आणि उठता उठता त्यांनी विचारलं, "बाई, इथून बस कुठं मिळते हो?"