भिंगरीची खुर्ची

तिला भिंगरी हे नाव दिलं सासूबाईंनी, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात. सून चहा गाळता गाळता गळका नळ बघायला गेली, तिथून पक्कड आणायला गेली, पक्कड शोधताना तिला विजेच्या मीटरचं झाकण सैल दिसलं, आणि चहा ओट्यावर गार होऊन गेला. "ही सून नाही, भिंगरी आहे," सासूबाई म्हणाल्या. पुढे ते नाव नवऱ्यानं उचललं, मग नणंदेनं, आणि कसं कोण जाणे, एक दिवस ते ऑफिसातही पोचलं.

ऑफिस म्हणजे उपग्रहांचं नियंत्रण केंद्र. शेजारणींना वाटायचं, ही बाई रोज सकाळी डबा घेऊन रॉकेट उडवायला जाते. "छे हो, मी तिथली प्लंबर," ती सांगायची. "उपग्रहाशी बोलणारी माणसं वेगळी. त्यांचं बोलणं नदीपलीकडच्या मोठ्या अँटेनापर्यंत जातं, तिथून वर जातं, उत्तर परत येतं. मधल्या नळात कुठे तुंबत नाही ना, एवढं मी बघते." नळ म्हणजे केबल. सगळं सुरळीत असलं की ती आहे की नाही याची कुणी चौकशी करत नसे. तुंबलं की सगळी इमारत तिच्या नावानं शंख करायची.

या कामानं तिला एकच धर्म शिकवला होता. एक वाट म्हणजे वाटच नाही. दोन असतील तर एक आहे असं धरून चालायचं. घरात म्हणून किल्ल्यांचे दोन जुडगे, दोन विजेऱ्या, गॅसच्या दोन शेगड्या.

"नवरा तेवढा एकच ठेवलायस," नवरा म्हणायचा. त्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि बोलणं गिऱ्हाइकांशी बोलून बोलून गोड झालेलं होतं.

"दुसऱ्याची चाचणी चालू आहे."

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "चाचणी झाली की मलाही दाखव गं. या वेळी मी नीट पारखून घेते."

अशा या बाईला स्वस्थ बसवणारी जगात एकच जागा होती. रेडिओची खुर्ची.

कॉलेजात असताना तिनं हौस म्हणून परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना काढला होता. स्वतःचा संच, गच्चीवर स्वतःची तार, आणि न पाहिलेल्या माणसांशी गप्पा. पुढे लग्न, बाळंतपण, मुलगी शिकायला परगावी गेली, तरी तार गच्चीवरून उतरली नाही. शहरातल्या अशा हौशी मंडळींचा एक गट होता. पूर आला, वादळ झालं, फोन बंद पडले की ही मंडळी फुकट, आपल्या बॅटऱ्या घेऊन ठिकठिकाणी बसत आणि निरोप इकडचे तिकडे पोचवत. गटात एक शिंपी होता, एक दातांचे डॉक्टर होते, आणि सगळ्यांच्या वर मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, पण वर्गातून नाही.

मास्तरांचा नियम कडक. आणीबाणीत एक जण नियंत्रकाच्या खुर्चीत बसायचा. तो सांगेल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप. आणि दुसरा नियम त्याहून कडक. "इथं कानावर पडलेला निरोप म्हणजे दुसऱ्याचं टपाल," ते म्हणायचे. "ज्याचं त्याला द्यायचं. घरी न्यायचं नाही, ऑफिसात न्यायचं नाही, आपल्या भल्यासाठी तर मुळीच वापरायचं नाही. लोक आपल्यावर विश्वास टाकतात तो याच एका गोष्टीवर."

मास्तरांशिवाय ती खुर्ची फक्त भिंगरीला मिळत असे. कानावर हेडफोन चढवले की तिचे पाय हलायचे थांबत, खांदे खाली येत. नवऱ्यानं एकदा दारातून पाहिलं होतं. घरी येऊन आईला म्हणाला, "अगं, आपली भिंगरी पुतळ्यासारखी बसते तिथं. आपल्याच घरात काय कुसळं आहेत का?"

त्या वर्षी नदीला मोठा पूर आला. वरच्या अंगाच्या गावांतले फोन मेले. भिंगरी दुपारी ऑफिसातून लवकर निघायची आणि संध्याकाळपर्यंत खुर्ची सांभाळायची. कुठं किती माणसं छपरावर, कुठं औषध संपलं, कुणाची आई कुठल्या शाळेत सुखरूप आहे. अशाच एका दुपारी जुन्या पुलावरून शिंप्याचा आवाज आला. निरोप रस्तेखात्यासाठी होता. पुलाचा एक खांब खचलाय, वाहतूक बंद करा. पुलाखाली केबलचा लोखंडी पाइप अर्धा सुटून लोंबतोय. आत दोन केबल, एक निळ्या पट्टीची, एक नारिंगी.

तिनं शब्दाला शब्द लिहून घेतला, पुढे पोचवला, पुढच्या माणसाला बोलायला सांगितलं. आणि मग त्या खुर्चीत पहिल्यांदाच तिचा डावा पाय हलायला लागला.

निळी पट्टी तिची होती. अँटेनाकडे जाणारी मुख्य केबल. नारिंगीही तिचीच होती. राखीव. पण नारिंगी केबल नव्या पुलावरून जायला हवी होती. केबल कंपनीनं तसं सांगितलं होतं, नकाशाही दाखवला होता. मागे कुठल्यातरी दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी कष्ट वाचवून दोन्ही एकाच पाइपात कोंबल्या होत्या. म्हणजे जिला ती इतके दिवस दुसरी वाट समजत होती, ती पहिल्याच वाटेच्या कुशीत झोपलेली होती.

आणि शुक्रवारी नव्या उपग्रहाचं इंजिन पेटवायचं होतं. उपग्रह कक्षेत नीट बसायचा तो त्यावर. त्या वेळात तो फक्त नदीपलीकडच्या अँटेनालाच दिसणार होता. मध्येच काही बिनसलं तर इंजिन बंद करायचा हुकूम इथूनच जायचा. पाइप तुटला तर हुकूम नाही, उपग्रह कसा आहे हेही कळणार नाही.

सांगावं तर टपाल फोडल्यासारखं. न सांगावं तर डोळ्यांदेखत उपग्रह हातचा जायचा.

घरी तिनं भातात बोटं फिरवली आणि ताट सरकवलं.

"कुणाशी भांडून आलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, आई."

"मग भांडून ये. जेवण तरी जाईल."

ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. नवऱ्याला म्हणाली, "उद्या सकाळी मला जुन्या पुलाकडे सोडशील?"

"लोक पुरापासून लांब पळतात, ही जवळ निघाली! काय बघायचंय?"

"पाइप."

नवऱ्यानं आईकडे पाहिलं. "चाचणीतला दुसरा हाच दिसतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातली विकाऊ दुर्बीण मात्र आठवणीनं घेतली. पोलिसानं त्यांना पुलाच्या अलीकडेच अडवलं. पाणी गढूळ, फुगलेलं, झाडंच्या झाडं वाहून नेत होतं. चिखलाच्या काठावरून भिंगरीनं दुर्बीण लावली. पाइप होता. पाण्याच्या प्रत्येक धक्क्यासरशी झुलत होता. फाटलेल्या तोंडातून दोन पट्ट्या दिसत होत्या, निळी आणि नारिंगी.

"दिसलं?" नवऱ्यानं विचारलं.

"दिसलं. आता हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," ती म्हणाली, जरा जास्तच जोरात. नवऱ्याला कळेना, ही कुणाला सांगतेय.

तिथून ती थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट नव्हते, पण इंजिन पेटवायच्या आधीचा आठवडा त्यांना कुणी काही बदल सुचवलेला खपत नसे. त्या आठवड्यात एक स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही, असा केंद्राचा दंडकच होता.

"कंपनीशी बोललो मी मागच्याच महिन्यात. दोन केबल, दोन पूल," साहेब म्हणाले.

"दोन केबल, एक पूल, एक पाइप, आणि तोही लोंबतोय. मी आत्ता बघून आले, सर."

"भर पुरात तुम्ही पुलावर कशाला गेलात?"

रेडिओचं नाव तिनं काढलं नाही. "अस्वस्थ वाटलं म्हणून."

"तुम्हाला स्वस्थ कधी वाटतं?" साहेब हसले. ती हसली नाही. मग त्यांनीही हसणं आवरलं आणि फोन उचलला.

केबल आता बदलता येणार नव्हती, तेव्हा माणसंच हलवायची ठरली. हुकूम देणारी तिघं आणि चौथी भिंगरी, अशी जीप, पुरामुळे दोन्ही पूल बंद म्हणून, डोंगराच्या लांबच्या रस्त्यानं अँटेनाच्या केंद्रावर गेली. पुलाचं काही झालं तर हुकूम तिथल्या तिथून द्यायचा. शुक्रवारी दुपारी इंजिन पेटलं, हवं तेवढं चाललं, हवं तेव्हा आपोआप थांबलं. पाइप लोंबत राहिला, पण तुटला नाही. जीपमधून गेलेल्या तिघांना करायला काही उरलंच नाही. परतताना घाटात एक जण म्हणाला, "मॅडम, सहल झकास झाली. पुढच्या वेळी बायकोलाही आणतो." सगळे हसले. पुढच्या महिन्यात कंपनीनं गुपचूप नारिंगी केबल नव्या पुलावर नेली. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पण केबलचं हे पुढचं. पूर ओसरत आला तेव्हा मास्तरांनी तिला पुन्हा खुर्चीवर बोलावलं. तिनं हेडफोन चढवले. पाय हलतच राहिला. तिनं तो दुसऱ्या पायाखाली दाबला, तर बोटं टेबलावर वाजायला लागली. घटकाभरानं ती उठली आणि खुर्ची डॉक्टरांना देऊन बाहेर आली. व्हरांड्यात मास्तर बॅटऱ्यांची टोकं पुसत होते.

"मास्तर, पाइपचा निरोप मी वापरला. ऑफिसच्या कामाला."

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. "साहेबांना निरोप सांगितलास?"

"नाही. पुलावर गेले. डोळ्यांनी बघितलं, मग सांगितलं."

"मग डोळ्यांचं सांगितलंस. त्यात काय?"

"पाय कुणी नेले तिथं?"

मास्तरांनी फडकं पुन्हा उचललं आणि आणखी एक टोक पुसलं. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. ते दात काढताना जसं 'झालं हं, झालं' म्हणतात, तसंच निरोप घेतानाही म्हणत होते.

"मी तुझ्या जागी असतो तर?" मास्तर म्हणाले. "मीही गेलो असतो. उपग्रह काय एकट्या तुझ्या साहेबाचा असतो?"

"मग?"

"मग खुर्ची सोडली असती."

तिला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे. मास्तर जाऊ दे म्हणणारे असते तर ती इतकी वर्षं त्यांच्याकडे आलीच नसती. "कायमची?" तिनं विचारलं.

"ते मला आज ठाऊक नाही. उद्यापासून बॅटऱ्या आणि तारेचे खांब वाहायचं काम तुझ्याकडे."

घरी सांगितल्यावर नवरा तापला. "कुणाचं काय नुकसान केलंस तू? एवढी बाई फुकट राबते, आणि हा म्हातारा तिला हमाली देतो?"

"म्हातारा नाही देत. मीच घेतलीय," ती म्हणाली.

सासूबाईंनी मुलाला गप्प बसायची खूण केली. त्यांना यातलं फारसं कळलं नव्हतं. पण सुनेनं दोन वेळा ताट सरकवलं होतं, आणि आज ती मागून भात घेत होती, हे त्यांनी पाहिलं.

आता कुठंही फोन बंद पडले की भिंगरी बॅटऱ्या वाहते, शाळांच्या गच्चीवर चढते, खांब उभा करून ताण देते. खाली खुर्चीत शिंपी असतो. बोलताना घाई करतो, कधी गावाचं नाव दुसऱ्यांदा विचारायचं विसरतो. गच्चीवर तिच्या कानाला छोटा संच असतो; त्यावर फक्त ऐकू येतं. "विचार ना, परत विचार," ती वाऱ्यात एकटीच पुटपुटते. शिंपी विचारत नाही. मग ती खांबाची घट्ट बसलेली दोरी सोडते आणि पुन्हा बांधते, आणि धावत जिना उतरून खाली जायच्या आत स्वतःला कठड्याशी थोपवते.