भाभीजींचं वेल्डिंग

सायकलच्या फ्रेमसाठी फोन करणारी पोरं पहिलं वाक्य ठरलेलं बोलतात. "भिया, वेल्ड भाभीजी ही करेंगी ना?" मी हो म्हणतो, तोंड गोड ठेवून म्हणतो. मनात काय येतं ते माझं मला ठाऊक.

मी पीथमपूरच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे. इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या घराच्या खालच्या खोलीत सुट्टीच्या दिवशी बीएमएक्स सायकलींच्या फ्रेम बनवायचा उद्योग मी सुरू केला. बीएमएक्स म्हणजे ती बुटकी, छोट्या चाकांची सायकल, जिच्यावरून पोरं पायऱ्यांवर उड्या मारतात आणि कठड्यांवरून घसरतात. बाजारातली फ्रेम सगळ्यांच्या मापाची असते, म्हणजे कोणाच्याच मापाची नसते. मी चालवणाऱ्याची उंची बघतो, हात बघतो, त्याची उडी मारायची सवय बघतो, आणि मग नळ्या कापतो. एका नळीचं टोक दुसरीच्या गोलाईवर असं बसायला हवं की मधून उजेड दिसता कामा नये. यात मी वाकबगार आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

बायको मूळची सांगलीची, इथे बँकेत नोकरीला. एका दसऱ्याच्या सुट्टीत ती खाली आली आणि म्हणाली, "मला बघू द्या की एकदा." मीच हौसेने शिकवलं. या वेल्डिंगमध्ये एका हातात धातू वितळवणारा टॉर्च, दुसऱ्या हातात भरायची तार आणि पायाखाली फूट पेडल असतं. पेडल जसं दाबावं तसा ताप वाढतो. माझा पाय नेहमी घाईत, गाडी चुकणार असल्यासारखा. तिने लग्नाआधीपासून पायाचं शिलाई मशीन चालवलेलं, त्यामुळे तिचा पाय वाटेल तिथे थांबतो आणि वाटेल तेवढाच दबतो. थोड्याच दिवसांत तिच्या जोडांवर माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी ओळ उमटायला लागली. शिष्याकडून हरण्यात गुरूला आनंद असतो म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याला त्या शिष्येबरोबर रोज एका टेबलावर जेवावं लागत नसणार.

पूर्वी मी फ्रेमवर जाड काळा रंग चढवून घ्यायचो. काळ्या रंगाखाली सगळे जोड सारखे दिसतात, आणि मला तेच हवं असायचं. तिचं काम बाहेर गेलं आणि पोरं म्हणायला लागली, "रंग मत करना भिया, भाभीजी का हाथ दिखना चाहिए." मग नुसतं पारदर्शक लॅकर सुरू झालं. ताप लागून जोडाच्या शेजारी उमटलेला सोनेरी, जांभळा, निळा रंगसुद्धा त्यातून दिसतो. लोक त्याचे जवळून फोटो काढतात. एकाने तर फोटोसाठी मला जरा बाजूला सरकायला सांगितलं होतं. मी सरकलो.

मला फार काही नको होतं. माझ्या एखाद्या जोडाकडे बघून कोणीतरी एकदा, एकदाच, "वा" म्हणावं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात तशी संधी आली. इंदूरजवळच्या बेटम्याचा एक तरुण आहे, मंडीतला लिलाव संपला की तिथल्या रिकाम्या ओट्यांवर सायकल उडवतो. त्याला पुण्यातल्या स्पर्धेसाठी फ्रेम हवी होती. मी माप घेतलं, नळ्या कापल्या, नळ्या जागच्या जागी धरणाऱ्या जिगमध्ये फ्रेम बसवली, आणि नेमकं त्याच वेळी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. बायको सांगलीला गेली. मी तिथे फोन केला तर म्हणाली, "अहो, तुम्ही करा ना. मला शिकवलं कोणी?"

ते वाक्य मला आधी गोड वाटलं आणि मग झोंबलं. पण टॉर्च हातात घेतला. घाईत असलेल्या पायातून मी बूट काढला आणि नुसत्या मोज्याने पेडल दाबायला लागलो. एक जोड केला की थांबायचं, चहा प्यायचा, मग पुढचा. जिथे सायकलचे पायडल बसतात तिथे चार नळ्या एकत्र येतात. तो खालचा जोड सगळ्यात अवघड असतो, हात वळवायला जागाच मिळत नाही. तोही उतरला. खवले एकसारखे, निळी कडा सरळ. मी खोलीत एकटा होतो आणि मोठ्याने "वा" म्हणालो.

तरुण फ्रेम न्यायला आला. मी सांगणारच होतो. त्याआधीच त्याने फ्रेम उलटी केली, खालच्या जोडावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "भिया, भाभीजी ने तो इस बार तोड़ ही दिया! इतना साफ तो उन्होंने भी पहले कभी नहीं किया." हे शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो. ते आले, आणि आले ते तिच्या नावाने. सांगावं म्हटलं तर त्याचं बोलणं थांबलं असतं. अजून थोडं ऐकावंसं वाटलं. तो गेला आणि माझं सांगायचं राहून गेलं. आपल्याच कामाचा आपल्यालाच हेवा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तो पुण्याहून आला, बायकोही सांगलीहून परतली. रविवारी सकाळी सगळी पोरं एका बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये जमतात, तिथे आम्ही दोघं गेलो. माझ्या हातात पोह्यांचा द्रोण होता. पोरांनी बायकोला घेरलं. "भाभीजी, गजब!" तिला काही कळेना. बेटम्याच्या तरुणाने सायकल तिच्यापुढे आडवी केली. ती वाकली, चष्मा वर केला, खालच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाली, "ये मेरा नहीं है. ये इनका है."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात शेव होती.

"अरे… भिया का?" तो तरुण पुन्हा वाकला. आता जरा जास्त वेळ बघितलं. "हाँ, इधर थोड़ा मोटा गया है." दुसऱ्याने मान हलवली. "रंग भी थोड़ा ज़्यादा नीला है." जोड तोच, ऊन तेच, बघणारे डोळेही तेच. मग तो तरुण अगदी आदराने बायकोला म्हणाला, "अगली वाली आप ही करना, भाभीजी." मी उरलेले पोहे टाकून दिले.

परत येताना राजवाड्याच्या गर्दीत मी स्कूटर चालवत होतो, ती मागे बसली होती.

"सांगायची काय गरज होती?" मी विचारलं.

"म्हणजे? तुमचं काम मी माझ्या नावावर कसं घेऊ?"

सिग्नल लाल झाला. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाली, "खालचा जोड माझ्यापेक्षा चांगला झालाय. खरंच. मला तिथे असा हात वळवता येत नाही."

ज्या हाताचं अख्खं इंदूर कौतुक करतं, त्या हाताची शाबासकी मला मिळाली होती. आणि मला राग आला. हे म्हणायला तिला काहीच कष्ट पडले नव्हते. तिच्या कितीतरी जोडांपुढे मी असाच वाकून उभा राहिलो आहे, काम किती सुंदर आहे हे इतर कोणापेक्षाही मला जास्त कळलं आहे, आणि तरी मी कधी तोंड उघडलं नाही. आता उघडायला हवं, एवढं समजत होतं. मागचे हॉर्न वाजवायला लागले, सिग्नल हिरवा झाला होता. मी स्कूटर पुढे काढली आणि तिला विचारलं, "भाजी घ्यायची आहे का काही?"