मोडीचा रिकामा ट्रे

साहेबांचा पाणउतारा झाला त्या संध्याकाळी मी घरी जाताना जिलेबी घेतली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना मी बिचारा वाटेन, आणि मी बिचारा नव्हतो.

ग्वाल्हेरात जुन्या कागदांची दोन दफ्तरं होती, एक आमचं हजिरा भागातलं, दुसरं शहराच्या लष्कर नावाच्या भागातलं. दोन्ही एक करायचं ठरलं. माणसं एकत्र आली, पण वरची खुर्ची एकच उरली. आमच्याकडचं संगणकाचं सगळं काम मी बघत होतो, तरी ती मिळाली लष्करातल्या साहेबांना. माझ्याहून बरेच लहान होते.

काम होतं रियासत विलीन झाली त्या काळातल्या अर्जांचं. हजारो पानांचे फोटो काढून झाले होते. फोटो पाहून पान कुठल्या लिपीतलं ते संगणकाने ओळखायचं, आणि त्याची छापील प्रत त्या त्या वाचकाच्या ट्रेमध्ये जायची. हिंदीची पानं ढिगांनी, उर्दूची बऱ्यापैकी, मोडीची अगदी तुरळक, शंभरात दोन. मोडी वाचायला एक निवृत्त मास्तर माधवगंजाहून टेम्पोने येत. दफ्तरात मोडी जाणणारे ते एकटेच. माझे पूर्वज दरबारात मोडी लिहीत आणि मला एक अक्षर येत नाही, हे कळल्यावर त्यांनी मला एक वही आणायला लावली. पहिल्या पानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून दिली. म्हणाले, मोडीत आधी रेघ, मग तिला अक्षरं टांगायची. माझी वही त्या रेघेपुढे कधी गेली नाही.

संगणकाला शिकवायला मोडीचे नमुने कमी पडत होते, म्हणून मी आहेत तीच पानं आरशात दिसावीत तशी उलटवून त्यांची संख्या दुप्पट केली. मांजराच्या फोटोला हे चालतं. उलटं मांजरही मांजरच असतं. मास्तरांनी ती पानं पाहिली आणि चष्मा काढून हसत बसले.

"अरे, पावलं उलटी असतात ती भुतं," म्हणाले. "ही मोडी नव्हे."

ती पानं मी काढून टाकली आणि बैठकीत साहेबांकडे दोन आठवडे मागितले. बाकीची पानं इतकी जास्त आहेत की मोडी शिकण्याचे कष्ट संगणक घेणारच नाही, असं सांगितलं. साहेबांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "दो परसेंट के लिए सबको रोक दें? आप लोगों का राज गए ज़माना हुआ, महाराज।" लोक हसले. त्या दिवसापासून मी 'दो परसेंटजी' झालो. चहा आणणारासुद्धा विचारायचा, दो परसेंटजी, शक्कर कितनी?

मी मनात ठरवलं की याला खाली आणायचा, आणि लोकांदेखत आणायचा.

हत्यार त्यांनीच माझ्या हातात दिलं. त्यांना अहवालात एकच आकडा हवा होता, एकूण किती पानं बरोबर. तो मी दिला, आणि तो डोळे दिपवणारा होता. संगणक मोडीच्या प्रत्येक पानाला बिनदिक्कत हिंदी म्हणत होता, तरी पानं इतकी थोडी की आकड्याला ओरखडाही पडत नव्हता. प्रत्येक लिपीचा वेगळा हिशेब मांडला की मोडीच्या ओळीत शून्य यायचं. तो तक्ता मी खणात ठेवला आणि किल्ली खिशात.

खणात उपायही होता. मोडीचं पान चुकलं तर संगणकाला कितीतरी पट मोठी शिक्षा द्यायची, म्हणजे शिकवताना ती एक चूक अनेक चुकांइतकी मोजायची. मोडीची पानं त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा आणायची, पण दर वेळी जरा तिरकी, जरा फिकी, शाई पसरल्यासारखी, म्हणजे तो त्याच पानांची घोकंपट्टी करणार नाही. माझ्या यंत्रावर मी हे करून पाहिलं होतं. मोडी नीट ओळखली जात होती. दफ्तरात बसवायला दोन दिवस पुरले असते. मी थांबलो, कारण काही महिन्यांनी काम तपासायला भोपाळहून समिती येणार होती.

तोवर मोडीचा ट्रे रिकामा राहिला. मास्तर रोज येत, चष्मा पुसून बसत, वर्तमानपत्र वाचून परत जात. त्यांची पानं हिंदीच्या ट्रेमध्ये जात होती आणि तिथला वाचक त्यांवर 'अवाच्य' असा शिक्का मारत होता. एकदा मास्तरांनी विचारलं, "कागद संपले का रे?" मी म्हटलं, "येतील."

समिती यायला तीन आठवडे असताना साहेबांनी रिकाम्या ट्रेकडे बोट दाखवून मास्तरांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तिथेच होतो. किल्ली खिशात होती. स्वतःला समजावलं, तीनच आठवडे, मग मानाने परत आणू.

समितीसमोर साहेब आकडा सांगत असताना मी उठलो आणि मोडीचं एक पान यंत्रापुढे धरलं. हिंदी. दुसरं धरलं. हिंदी. दहा पानं धरली, दहाही हिंदी. मग मी खणातला तक्ता टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "साहब, यही हैं वो दो परसेंट।" त्यांचा चेहरा मला आजही पाहिजे तेव्हा आठवता येतो, आणि मी आठवतो. महिन्याभरात ते लष्करातल्या जुन्या इमारतीत परत गेले आणि खुर्ची माझ्याकडे आली.

अवाच्य ठरलेली पानं गोळा करून मी माधवगंजात गेलो. मास्तरांना सगळं सांगितलं, खणासकट. त्यांनी गठ्ठ्याची दोरी सोडली नाही.

"यंत्राला मोडी दिसत नव्हती, हे समजलं," ते म्हणाले. "तुला मी दिसत होतो ना?"

त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं, मला पाजला, आणि गठ्ठा माझ्या हातात देऊन दारापर्यंत सोडायला आले. पुन्हा या म्हणण्याची हिंमत मला झाली नाही. मी निरोप धाडले, पत्र पाठवलं. ते आले नाहीत.

परवा साहेब बाजारात दिसले. मला पाहून त्यांनी रस्ता बदलला आणि मला बरं वाटलं. इतकं झाल्यावरही बरं वाटलं.

संगणक आता मोडीचं पान सहसा चुकत नाही. ट्रे रोज भरतो. भरला की मी पानं काढून कपाटात ठेवतो, कारण ती वाचणारं दफ्तरात कोणी नाही.