आईला कुठं भूक असते

माझ्या आईच्या संयमाचं कौतुक ऐकत मी मोठी झाले, आणि त्या कौतुकाचा मला आजही राग येतो. वरवंडच्या आमच्या घरी पुरणाचा स्वयंपाक असला की आधी पुरुष जेवायचे, मग पोरं, मग पाहुण्या बायका. सगळ्यांचं उरकल्यावर आई गॅसपाशीच भाकरी आणि उरलंसुरलं वरण घेऊन बसायची. "तिला गोडाची हाव नाही," असं सगळे म्हणायचे. पुरणाच्या रिकाम्या पातेल्यात बोट फिरवून चाटताना मी तिला पाहिलं होतं. हाव नव्हती कशी? वाटाच नव्हता.

लग्न होऊन मी शिरूरला आले. मागच्या अधिक महिन्यात माहेरी आम्हा दोघांना धोंडे जेवायला बोलावलं. पुरण भरलेले धोंडे जावयाला आग्रह करकरून वाढायचे, लेकीनं शेजारी बसून खायचे, असा त्या जेवणाचा मान. लेक-जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय आमच्याकडे पंगत सुरू होत नाही. ताटं वाढली, धोंड्यांवर तूप पडलं. मी हात मांडीवरच ठेवले.

"आई शेजारी बसली तरच जेवीन."

माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, हसले. "आगं, ती जेवल मागनं. तिला कुठं भूक आसती? लय संयमी बाई हाय."

"मग आज तुम्ही बसा की मागनं, आप्पा. बघू किती संयम व्हतोय."

जरा जास्तच बोलले, पण मागे घेणार नव्हते. पंगतीत कुणी हलेना. नवऱ्यानं मात्र मुकाट्यानं सरकून जागा केली. आई स्वयंपाकघराच्या दारातून "गप गं, जावयाम्होरं तमाशा नको" म्हणत होती. मी उठले, तिला दंडाला धरून आणलं आणि माझ्याजवळ बसवलं. चुलतीनं तिच्यापुढं ताट मांडलं, तेव्हा आम्ही दोघांनी पहिला घास घेतला. आप्पांचं तोंड आंबट झालं, तरी जेवण गार होत होतं, म्हणून तेही जेवायला लागले.

आई आधी अंग चोरून बसली होती. मग पदर खोचून नीट बसली आणि तिनं दोन धोंडे सावकाश, तुपात घोळवून खाल्ले. चुलती तिसरा घेऊन आली, तसा आईनं ताटावर हात आडवा धरला.

"बास. पोट भरलं."

तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. तोवर तिला कुणी वाढायलाच आलं नव्हतं.