फ्रेंचमधला ‘त्यू’

माझे वडील धारच्या पागेत घोड्यांची खोगिरं शिवीत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. तिथले शास्त्रीबुवा आमच्या जातीच्या मुलाला संस्कृत शिकवायला राजी होईनात, म्हणून मी फ्रेंच घेतलं. त्याच फ्रेंचवर मला पहिली नोकरी लागली. देवासच्या एका सरदारांच्या, आबासाहेबांच्या, चिरंजीवांची परीक्षेची तयारी करून घ्यायची होती.

पहिल्याच दिवशी मी अपूर्ण भूतकाळ काढला. ‘झ पार्ले’ म्हणजे मी बोलत असे. पुढचं रूप ‘त्यू पार्ले’.

दाराशी कारभारी बसले होते. त्यांना फ्रेंच येत नव्हतं, पण ‘त्यू’ बरोबर ऐकू आला, आणि ते ताडकन उठले.

“अरे मास्तर, धाकट्या सरकारांना तू म्हणतोस? हे घर आहे, पागा नव्हे.”

“फ्रेंचमध्ये तसंच आहे.”

“मग तेवढं गाळून शिकव.”

मी म्हटलं, “मी, तू, तो, तिन्हींना या काळात कानाला एकच रूप आहे, पार्ले. ‘त्यू’ गाळला तर कोण बोलत असे तेच कळायचं नाही.”

“नोकरी जाईल, भिया!” माळव्यात भावाला ‘भिया’ म्हणतात, पण आवाज दटावणीचा होता.

“जाऊ दे. चुकीचं शिकवणार नाही.”

चिरंजीव इतका वेळ हसू दाबून होते. ते म्हणाले, “कारभारी, मी नापास झालो तर आबासाहेबांना जबाब तुम्ही देणार का?”

कारभारी खाली बसले. मी क्रियापद पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, आणि ‘त्यू’ चिरंजीवांच्या डोळ्यांत बघून म्हटला.