बाहेर मारलेला चेंडू

कोल्हापुरातली फुटबॉल मॅच, गोल बरोबरीत, शेवटची मिनिटं. आमच्या पेठेच्या संघाचा एक खेळाडू पाय धरून कोसळला. चेंडू समोरच्या संघाकडे होता, तरी त्याला उपचार मिळावेत म्हणून त्यांनी तो मुद्दाम बाहेर मारला. अशा वेळी थ्रो आम्ही घ्यायचा आणि चेंडू त्यांना परत द्यायचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मैदानावर सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच ते सैल उभे होते. थ्रो झाला, आणि आमच्या, बाहेरून आणलेल्या पगारी स्ट्रायकरने चेंडू सरळ त्यांच्या गोलमध्ये घातला.

गॅलरी आमचीच होती. "असं असतंय व्हय रं?" शेजारचे काका एवढंच म्हणाले आणि नाचवायला उचललेला झेंडा त्यांनी मांडीवर घेतला.

"नियमात बसतंय की!" मागून कुणीतरी ओरडलं.

बसतंय, त्याचाच तर धक्का होता. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून गावाला जावं, तशी ती माणसं निर्धास्त उभी होती. आपण सगळेच रोज किती ठिकाणी तसे उभे असतो!

खेळ सुरू झाला आणि आमचा गोलकीपर आमच्याच बचावपटूवर आदळून पडला. चेंडू त्यांच्या स्ट्रायकरच्या पायाशी, समोर गोल मोकळा. पंचाची शिट्टी वाजली नव्हती. त्या स्ट्रायकरने पडलेल्याकडे एकदा पाहिलं आणि चेंडू बाहेर मारला.

आता पुन्हा थ्रो आमचा होता. अख्खी गॅलरी उभी राहिली, आणि आमच्या खेळाडूंपैकी कुणीच तो चेंडू उचलायला पुढे होईना.